सुधाच्या हृदयाचा साचा

२८ सप्टें.
साचा झाला एकदाचा. अंबडला जन्मभर गाड्यांच्या पार्टचे साचे केले, पण एवढं नाजूक काम पहिल्यांदाच. केसाएवढ्या खाचा! त्यावर द्रव ओतून रबरासारखी पारदर्शक चिप निघणार, आणि तिच्यात सुधाच्या रक्तापासून वाढवलेल्या हृदयाच्या पेशी. हे सगळं सुधाच्या बहिणीची मुलगी रेवा करते, गंगापूर रोडच्या लॅबमध्ये. कमाल पोरगी आहे. सुधाच्या आजारावर डॉक्टरांनी सुचवलेलं नवं औषध कुणाकुणाच्या हृदयाला झेपत नाही. म्हणून आधी चिपला देऊन बघायचं.

२ ऑक्टो., दसरा
कारखान्यात पूजा. मशीनला झेंडू. सुधाने दरवर्षीप्रमाणे सगळ्या हत्यारांना हळद-कुंकू लावलं. साच्यालाही. "माझंच हृदय ना ते? मग त्याला नको?" नंतर मी पुसून रेवाकडे पोचवला.

१४ ऑक्टो.
रेवाचा फोन. "काका, हिरवं चमकतंय! आम्ही टाकतो त्या रंगाने जिवंत पेशी हिरव्या दिसतात." लगेच पेढे आणले. सुधा म्हणे, आधी धडधडू तर दे.

१५ ऑक्टो.
धडधड नाहीच. पेशी गेल्या. चमकत होती ती हळद. खाचांत अडकलेली, चिपमध्ये उतरली, तिनेच पेशी मारल्या. मी आपला वरवर फडका मारून मोकळा! रेवा म्हणते, "मीही धुवून घ्यायला हवा होता." पेशी आता एकाच चिपपुरत्या उरल्यात. हिला कसं सांगू...

१६ ऑक्टो.
सांगितलं. हसली. "म्हणजे मीच बंद पाडलं की!" पण आतून घाबरलीय. मीही.

२७ ऑक्टो.
नवा साचा दिला. सुधाने लांबूनच नमस्कार केला, हात पाठीमागे घेऊन. जवळ यायलाच तयार नाही.

८ नोव्हें.
दोघं लॅबमध्ये. रेवाने सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. धडधडतंय! नखाएवढ्या जागेत, आपलं आपण. डोळे भरून आले, लपवलं नाही. सुधाने स्वतःची नाडी धरून पाहिली. "माझ्यापेक्षा शांत आहे हो."

रेवाने चिपमध्ये सोडायचं औषध हातात घेतलं. "सोडू, मावशी?"

"थांब, थोडं बघू दे." बघत राहिली. मग म्हणाली, "सोड." माझा हात घट्ट धरला होता.

दोन-तीन दिवसांत कळेल. परतताना रिक्षात हिने दोनदा विचारलं, "चालू असेल ना हो ते?"