गच्चीवरचे बिबडे

अक्का, सगळी गल्ली तुला अक्का म्हणायची, म्हणून मीही कधी आई म्हटलं नाही. जळगावच्या ऑफिसात बदली हवी का, हे मला सोमवारपर्यंत कळवायचंय. तुझा जावई म्हणतो, त्यात विचार काय करायचा? पुण्यात नळ सोडला की पाणी आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, पोरीची शाळा चांगली आहे. खोटं नाही ते. पारोळ्यात नळ येण्याची वाट बघत आपण आठवडा आठवडा काढायचो, आणि तुझ्या छातीत दुखायला लागलं तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंतही तू थांबली नाहीस. पुण्यात असतीस तर वाचली असतीस, हे मी कोणाला बोलून दाखवत नाही, पण मनातून जातही नाही.

तू इथे पुण्यात एकदाच आलीस. नळ सोडून बघतेस, बंद करतेस, पुन्हा सोडतेस. ‘आठे बठ्ठं शे व माय,’ इथे सगळं आहे म्हणतेस, आणि मग बंद दाराकडे बघून, ‘पन कोनी येस का?’ मी चिडलेच होते. म्हटलं, इथे लोक फोन करून येतात अक्का, आपल्यासारखे घुसत नाहीत.

मध्यंतरी काय लहर आली कोण जाणे, ज्वारीचे पापड, आपले बिबडे करायला घेतले. ज्वारी भिजवली, आंबवली, दळून आणली आणि सुट्टीच्या सकाळी तुझ्यासारखं मोठं पातेलं चढवलं. गच्चीवर जुनी साडी अंथरली, शिजलेल्या पिठाचा गरम घाटा नेऊन ठेवला, पाट मांडला, फडकं ओलं केलं आणि बसले. बराच वेळ बसले. मग डोक्यात उजेड पडला, अगं बाई, मी वाट कोणाची बघतेय? आपल्या गल्लीत बिबड्यांना कोणाला बोलवावं लागतच नाही. घाट्याचा वास सुटला की बायका आपापला पाट घेऊन हजर. त्यामुळे बोलवायचं असतं, हे माझ्या मनातच आलं नाही. इथल्या बायका वाईट नाहीत गं, सांगितलं असतं तर आल्याही असत्या. एकटीने थापता थापता घाटा गार झाला. उरला तो मी आणि पोरीने तेल घालून खाल्ला. ती म्हणाली, ‘‘मम्मी, जळगावला गेलो तर येतील बायका?’’ मी म्हटलं, येतील की.

येतीलच. जीव तिकडेच ओढ घेतो माझा, तुला काय सांगायचं. तरी मी नाही म्हणून कळवणार आहे. सगळ्यांना सांगेन, पोरीच्या शाळेसाठी. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. इथे लांब राहिलं की तू पारोळ्यात आहेस, ओट्यावर शेंगा फोडत बसली आहेस, असं मला अजून वाटतं. जळगावला आले तर रविवारी पारोळ्याला घरी जावं लागेल, आणि कुलूप मलाच उघडावं लागेल.