गेरूवर पांढरा रंग

सोम. २० जाने.
कळफलकात लाकडाचा भुसा जातो नि नेमकी ‘एंटर’चीच कळ रुतते. वखारीत भुसा असणारच, मान्य. पण त्याने माझ्यावरच डूख धरावा? सकाळपासून सात वेळा फुंकर. प्राणायाम झाला म्हणायचं.
बाकी प्रगती. शेठनी एस्टिमेटचं सॉफ्टवेअर घेतलंय, त्यात माल भरतोय: लाकूड, माप, घनफुटाचा भाव. गिऱ्हाइकाने दारं-खिडक्या सांगाव्या, यंत्राने आकडा द्यावा. शेठ: “शास्त्रीबुवा, बोईसरमदी असं कोणाकडं नाय!” संस्कृत पाठशाळेत पाच वर्षं घोकलं, त्याचं हे फळ.

गुरु. २३ जाने.
थप्प्या मापांप्रमाणे लावल्या. यंत्राला माप कळतं, थप्प्या रचणाऱ्या लखमादाची रीत कळत नाही. त्याची रीत: ओलं लाकूड वेगळं रचायचं, टोकाला गेरूचा पट्टा. सुकलं की टोक तासून पट्टा काढायचा. तोवर कुणी हात लावायचा नाही. तीस वर्षं हेच.
मी सगळ्या टोकांना पांढरा रंग देववला, वर कोड नंबर.
“भाऊ, वलं नि सुकं एक नका करू. गेरू दिसला पायजे.”
“दादा, आता वखारीत अद्वैत.”
रंगवणारे हसले, का ते त्यांनाही ठाऊक नसावं. लखमादाही हसला. जरा उशिराने.

मंगळ. २५ मार्च
केळव्याहून सुलभाताईंचा फोन. पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्यात, चौकटी आमच्या. “अवो, चौकटी पिळल्यात. दारं लागत नायत. काल पावनी बाई दाराला खुर्ची लावून झोपली!”
एस्टिमेट माझं. ऐनाचं लाकूड, चार बाय तीन इंच. तीन मिनिटांत दिलं होतं, ऐटीत.
शेठ तापले. “वला माल दिला कोणी?”
म्हणालो, “थप्पीतून लखमादाने काढला.”
शब्दशः खरं. न्यायशास्त्र एवढ्यासाठीच शिकलो की काय.

बुध. २६
शेठ सगळ्यांसमोर: “लखमा, डोळे गेले का तुजे? उद्यापासून मालाला हात नाय लावायचा. झाडू मार.”
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर…
एरवी भाकरी घेऊन माझ्या टेबलाशी येतो, “बोला भाऊ, काय तरी संस्कृत बोला.” आज करवतीमागे बसला.

गुरु. २७
सॉफ्टवेअरमध्ये नवा रकाना घातला: ओलं / सुकं. दहा मिनिटं लागली. जानेवारीतही दहाच लागली असती.
पण भरायचं काय? रंगाखालचं ओळखणारा एकच. गेलो. त्याने झाडू भिंतीला टेकवला, एकेक फळी हातात तोलून, वाजवून सांगू लागला. वली. सुकी. वली. दोन तास.
मधेच म्हणालो, “दादा, परवा मी शेठना…”
“लिवा भाऊ. ही वली.”

शनि. २९
सुलभाताईंना नव्या चौकटी गेल्या. शेठ खूश. “शास्त्रीबुवा, तुमी होते म्हनून निस्तरलं.” लखमादा चार हातांवर झाडत होता. बोलायची वेळ हीच.
मी म्हणालो, “हो.”
नोकरी जाण्याचं भय असतं तर स्वतःला समजून घेतलं असतं. तेही नाही, शेठ चार शब्द बोलून सोडून देतील. हुशार म्हणवून घ्यायची चटक, बस्.
‘सोमवारी सांगेन’ असं लिहायला बसलो होतो. लिहवत नाही. काळजी ही आहे की मी सांगणार नाही, आणि लखमादाला ते आधीच ठाऊक आहे.