आजीच्या विरजणाचा निकाल

३ जून

चि. छोटीस,
अ. उ. आ.

दह्याची बरणी तुझ्या काकांच्या हाती पाठवते आहे, टपालात फुटायची. जायला उगाच का कू करत होते.

तुझ्या आजीचं विरजण मी एकोणीस वर्षं तुटू दिलेलं नाही. ती गेली तेव्हा तुझ्या आईने त्यातलं चमचाभर चोरलं, असं मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. ती कानावर हात ठेवते, म्हणून आमचं बोलणं बंद. आता तुझ्या प्रयोगशाळेत दोघींची दही तपास आणि सोक्षमोक्ष लाव. जुळली तर चोर ती. नाही जुळली तर मी येऊन माफी मागेन. फक्त माझ्यादेखत त्यांना जंतू म्हणू नकोस, शिसारी येते.

जेवत जा वेळेवर. माया आहेच.
तुझी मावशी

२९ जून

ती. मावशीस,
सा. न.

जीनोम म्हणजे जंतूच्या (माफ कर!) पेशीतला अख्खा मजकूर, सुमारे वीस लाख अक्षरांचा. तुम्हा दोघींचे शेजारी लावून पाहिले. जुळत नाहीत.

तिथेच थांबणार होते, पण प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या बाई, सोडतात थोड्याच! आमच्याकडच्या बाकीच्या चाळीस दह्यांच्या नमुन्यांशीही ताडायला लावलं. तुझं दही दुकानातल्या डब्याच्या दह्याशी जुळलं. वीस लाखांत पाच-सहा अक्षरं काय ती वेगळी. आईचं मात्र कशाशीच जुळत नाही. भर उन्हाळ्यातही ते आंबत नाही, म्हणून बाईंना ते दही-कारखान्यांसाठी हवंच आहे.

रागावू नकोस, तीनदा तपासलंय. काकांना विचारशील का? बरणी देताना त्यांनी मला दोनदा विचारलं, की यंत्राला सगळंच कळतं का.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भाची

६ जुलै

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझ्या लेकीने माझं घर भर उन्हात बांधलं. तुझ्या भावोजींना समोर बसवलं, तर पाच मिनिटांत पोपटासारखे बोलले. मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, तेव्हा या गृहस्थांनी विरजणासकट सगळं दही फस्त केलं आणि माझ्या धाकाने दुकानातलं आणून बरणीत ओतलं. नऊ वर्षं मी तेच आईचं म्हणून मिरवते आहे! चार दिवस अबोला धरलाय. चहा तेवढा देते.

पण तू सुटलीस असं समजू नकोस. असं कशाशीच न जुळणारं दही तुझ्याकडे आलं कुठून? चोरलंसच तू! आणि बरं केलंस गं बाई. तेव्हा तू मागितलं होतंस, मीच हात आखडला. चुकलं माझं. आईचं एवढं एकच उरलंय आणि ते तुझ्यामुळे.

रविवारी येते, रिकामी बरणी घेऊन. दिलंस तर उपकार. नाही दिलंस, तर तुझी पाठ वळली की चोरीन.

तुझी,
ताई