मागच्या बसचा कॅप्टन

२ जून

निवड झाली! अख्ख्या डेपोतून फक्त दोन ड्रायव्हर. फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेसाठी शहरात टीम येणार आहेत, त्यातल्या एका टीमला हॉटेल ते स्टेडियम ने-आण करायची. एक मी. दुसरा तो गॉगलवाला, ज्याला सगळे हिरो म्हणतात. त्याची निवड कशी झाली, देव जाणे.

संकल्प: पोट कमी करणे. टीमच्या भाषेतले चार शब्द पाठ करणे. फुटबॉल समजून घेणे. हॉर्न न वाजवणे. उद्यापासून सुरू. आज आनंदाचा दिवस, आज जेवणाला बंधन नको.

३ जून

पोट: उद्यापासून.

५ जून

डेपो मॅनेजरने बोलावून काम समजावलं. टीम हिरोच्या बसमध्ये. माझी बस त्याच्या मागे, रिकामी. पुढची बंद पडली तर मी. नाही पडली तर मी मागेच.

आधी जरा खट्टू झालो. मग विचार केला. चालू बसवर कोणीही बसवता येतो. संकट आलं की लागतो तो खरा माणूस. मॅनेजर तसं म्हणाला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

घरी सांगितलं, टीमची बस चालवतोय. यात खोटं काय? बस टीमचीच आहे.

८ जून, सकाळी

रंगीत तालीम. रिकामी बस फार अस्वस्थ करते. नेहमी मागे कोणीतरी भांडत असतं, खोकत असतं, कंडक्टर घंटी मारतो. इथे एसीचा आवाज आणि मी. दोनदा कारण नसताना मागे वळून पाहिलं.

रस्त्याचा नकाशा मिळाला. उघडला नाही. नजर फक्त पुढच्या बसच्या नंबरप्लेटवर ठेवायची, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. शिस्त म्हणजे शिस्त.

११ जून

टीम आली! एअरपोर्टपासून हॉटेलपर्यंत दुतर्फा पाहुणे फॅन. तोंडं रंगवलेली, ढोल, झेंडे, कोणी दिव्याच्या खांबावर चढलेला. एक आजोबा तर पाठीवर नातवाऐवजी भला मोठा ड्रम घेऊन नाचत होते. पुढची बस गेली तरी लोकांचा जोश संपेना, म्हणून ते माझ्या बसलाही हात करत होते. मीही केला. एकाने काचेला नाक लावून आत पाहिलं आणि फार निराश झाला. मी त्याला अंगठा दाखवला.

हॉटेलच्या दारात टीमचा कोच थेट माझ्याकडे आला आणि त्याची बॅग माझ्या हातात देऊन आत गेला. पहिल्याच दिवशी एवढा विश्वास!

१२ जून

बॅगेबद्दल घरी सांगितलं. कन्येचे डोळे असे चमकले की बॅग लॉबीत नेऊन ठेवली एवढंच घडलं, हे सांगायचं राहून गेलं. तिने शाळेत सांगून टाकलंय की बाबा टीमला घेऊन जातात. अख्ख्या वर्गाला सह्या हव्यात. त्यांच्या बाईंनासुद्धा.

मेहुणा संध्याकाळी आला. हा माझा शंकासुर. म्हणाला, दाजी, टीव्हीवर टीमची बस दाखवली, पण ड्रायव्हर गॉगलवाला होता. मी म्हटलं, कॅमेऱ्याचा अँगल. तो हसला. मला त्याचं हसणं कधीच आवडलेलं नाही.

१५ जून

पहिली मॅच हरले. कारण मला स्पष्ट दिसतंय. हिरो वळणं फार जोरात घेतो. खेळाडूंच्या पोटात ढवळलं की ते काय धावणार? मॅनेजरला हे पटवायला गेलो. तो म्हणाला, तू फक्त अंतर ठेव. दोन बसमधलं की त्याच्या स्वतःपासून, ते कळलं नाही.

१६ जून

बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं, खेळाडू नक्की कोणत्या बसमध्ये बसतात? मी म्हटलं, दोन्ही बस एकाच कंपनीच्या आहेत. ती म्हणाली, मी ते विचारलेलं नाही. मग म्हणाली, पोरीला सरळ सांगून टाका, रिकामी बस चालवण्यात लाज कसली? उद्या ती तोंडघशी पडली तर तुम्हाला माफ करणार नाही.

सांगणार आहे. रविवारी निवांत सांगेन.

२० जून

दुसरी मॅच बरोबरीत. थोडं श्रेय माझं. आज मी मुद्दाम जवळून चालवली, त्यामुळे हिरोवर वचक राहिला.

पोट: वजनकाटा बिघडलाय.

२१ जून, रविवार

आज निवांतपणा नव्हता. घरात येरझाऱ्या घालून बायकोच्या शिव्या खाल्ल्या. कन्येला सांगायला तीनदा तोंड उघडलं, तिन्ही वेळा जांभई दिली. शेवटी तिनेच विचारलं, बाबा, एकदा तरी तुम्हाला टीमची बस चालवताना बघू द्या ना. मी म्हटलं, बघू. ती नाचतच आईला सांगायला गेली की बाबा हो म्हणाले.

२५ जून, सकाळी ७

आज शेवटची साखळी मॅच. जिंकले तर पुढे, हरले तर घरी. मीही रात्रभर कूस बदलत होतो.

प्लॅन पक्का. कन्या आणि शंकासुर (तो आपणहून आला) हॉटेलच्या मागच्या गल्लीत बसमध्ये चढतील आणि शेवटच्या सीटवर पडदा ओढून बसतील. बाहेरच्या माणसाला बसमध्ये घेणं नियमात नाही. पण घरची माणसं बाहेरची कशी? शंकासुराला सक्त ताकीद दिलीय, काहीही झालं तरी तोंड उघडायचं नाही. बायको म्हणाली, मला यात धरू नका.

२५ जून, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

दोघं चढले. कन्येने रिकाम्या सीटांवर नजर फिरवून विचारलं, टीम कुठंय? मी म्हटलं, पुढे. ती शेवटच्या सीटवर जाऊन बसली. आरशात तिचं तोंड एवढंसं दिसत होतं. मला स्टिअरिंगखाली शिरावंसं वाटलं.

आणि उड्डाणपुलावर हिरोच्या बसमधून धूर निघाला!

देव आहे. सगळी टीम उतरली आणि माझ्या बसमध्ये चढली. कोच, गोलकीपर, सगळे! कन्या पडद्यामागून धावत पुढे आली, माझ्या शेजारी उभी राहिली, आणि असं पाहिलं माझ्याकडे! जन्मभर पुरेल असं. टीमची व्यवस्था बघणाऱ्या साहेबाने घाईत विचारलं, रस्ता माहीत आहे ना? मी म्हटलं, एकवीस वर्षं या शहरात बस चालवतोय.

पुढे पोलिसांची मोटरसायकल होती. पाण्याच्या टाकीच्या फाट्यावर ती स्टेडियमकडे, उजवीकडे गेली. माझे हात डावीकडे गेले.

हातांचा तरी काय दोष? एकवीस वर्षं बाजार ते पाण्याची टाकी हाच रूट. मागे माणसं बसली आहेत, बोलतायत, खोकतायत, इतक्या दिवसांनी बस बससारखी वाटली. मन अगदी शांत झालं. कन्या हळूच म्हणाली, बाबा, उजवीकडे होतं ना? मी म्हटलं, ड्रायव्हरशी बोलू नये.

मग स्टॉप आला. मी थांबलो. स्टॉपवर थांबतातच. दार उघडलं. एका आजींनी विचारलं, टाकीला जाते का? जात होती, म्हणून हो म्हटलं. त्या पिशव्या घेऊन गोलकीपरच्या शेजारी बसल्या आणि एक पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. पुढच्या स्टॉपवर आणखी चौघं. साहेब फोनवर ओरडून सांगत होता की आम्ही पोचतोच आहोत.

शंकासुराला सगळं समजलं होतं. पण त्याने आयुष्यात पहिल्यांदाच माझं ऐकलं. एक अक्षर बोलला नाही.

टाकीच्या डेपोत बस वळवून नेहमीच्या जागी लावली, हँडब्रेक ओढला आणि म्हणालो, चला, शेवटचा स्टॉप. आजी उतरल्या. टीम बसून राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मॅच उशिरा सुरू झाली. वॉर्मअप न करताच उतरले. हरले.

२६ जून

चौकशी झाली. माझं म्हणणं मांडलं. एक, ते तसेही हरले असते. दोन, पाहुण्यांना खरं शहर बघायला मिळालं. तीन, स्टॉप सोडला असता तर प्रवाशांनी तक्रार केली असती. मॅनेजर डोक्याला हात लावून बसला. बहुधा ॲसिडिटी.

टीम आज विमानाने गेली. त्यांना एअरपोर्टला हिरो घेऊन गेला. मागची बस ठेवली नव्हती.

३० जून

बस धुण्याच्या विभागात बदली. तात्पुरती असणार. पाण्याच्या पाइपाने हात सारखे गार पडतात, पण व्यायाम होतो. पोट कमी होईल.

कन्या चार-पाच दिवस धड बोललेली नाही. आज स्वतःहून येऊन बसली. शाळेत सगळे विचारतायत म्हणे, टीमला भलतीकडे नेणारा ड्रायव्हर तुझेच बाबा ना? मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं की छे, तो दुसराच कोणीतरी. माझे बाबा मागच्या रिकाम्या बसवर होते.

मग माझा ओला हात धरून म्हणाली, बाबा, कोणी विचारलं तर तुम्हीही तेच सांगा हं.

मी बरं म्हणालो.