ज्ञानेशमामाचा सीलबंद फोन

मस्कत,
९ मार्च २००८

तीर्थरूप अण्णांना दीपमालाचा सविनय जयभीम.

वि. वि. फोनवर दोन मिनिटांत हे सांगता येणार नाही, आणि पस्तीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला पत्रच पटतं, म्हणून लिहिते आहे.

निघताना तुम्ही ज्ञानेशमामाच्या ओळखीनं घेऊन हौसेनं दिलेला स्मार्टफोन इथं चालत नाही. नाशिकच्या मेनरोडचा दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता की फोन अनलॉक आहे, कुठलंही सिम घाला, वॉरंटी जगभर मिळेल; फक्त सील भारतात फोडू नका. हॉस्टेलमधल्या सगळ्या नर्सेससमोर मी मिरवत खोकं उघडलं. सिम घातलं तर फोन लॉक.

सुट्टीच्या दिवशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या माणसानं बॅटरीखालचा नंबर पाहिला, वॉरंटी कार्डवरचा पाहिला. दोन्ही वेगळे. त्यानं नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि माझ्याकडं बघायची त्याची नजरच बदलली. परदेशात एका गोदामातून चोरीला गेलेल्या मालातला हा फोन आहे. पोलीस आले. अण्णा, माझी पर्स त्यांनी टेबलावर उलटी केली. रुमाल, औषधं, पॅडसुद्धा सगळ्यांसमोर मांडली. ते सगळं परत भरणाऱ्या माझ्याच हातांची मला अजून शिसारी येते.

चौकशी होईपर्यंत हॉस्पिटलनं ड्युटी बंद केली आहे. बिल आणि नाशिकच्या पोलीस तक्रारीची प्रत लागेल. बिल मामाच्या नावावर आहे, तेव्हा त्याचा जबाबही. महिनाभरात आलं नाही तर परत पाठवतील. आईला सगळं सांगू नका.

तुमची
दीपमाला


नाशिकरोड,
२० मार्च २००८

चि. दीपमालास अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईनंच आधी फोडलं, त्यामुळे लपवायचा प्रश्न उरला नाही.

कालच मेनरोडला गेलो. दुकानदार गुटखा चघळत म्हणाला की तुमच्या मुलीनंच तिकडं चांगला फोन विकून हा उचलला असेल. वर शेजारच्या गिऱ्हाइकाला डोळा मारून हसला. मी दुकानाच्या दारातच ठाण मांडलं. मी हलत नाही म्हटल्यावर तो वैतागून बोलून गेला की मेव्हण्यालाच विचारा, असे पाच फोन खपवले म्हणून त्याला एक फुकट मिळालाय.

तसाच एसटीनं घोटी गाठली. ज्ञानेश दारातच भेटला, कमरेला नवा फोन. जबाबाचं नाव काढताच त्यानं आवाज खाली केला. म्हणे, भाऊजी, तांदळाच्या व्यापारात माझं नाव आहे, पोलिसांत मला ओढू नका. पोरगी आली परत तर इथंही दवाखाने आहेत. चहा पुढं केला, मी कपाला हात लावला नाही.

तुझ्या आईला अजून पटत नाही. आपला भाऊ असं करणार नाही, म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही. तू जेवत जा.

तुझा
अण्णा


घोटी,
२२ मार्च २००८

चि. दीपमालास मामाचा गोड आशीर्वाद.

वि. वि. भाऊजी उगाच डोक्यात राख घालून गेले. बेटा, धंद्यात असं चालतं. माल बाहेरचा आहे हे मला माहीत होतं, पण तिकडं कोण एवढं तपासतं असं वाटलं. तू सर्व्हिस सेंटरला गेलीसच कशाला? गुपचूप एखाद्या दुकानातून लॉक काढून घ्यायचा.

आता माझं नाव घेऊ नकोस. रस्त्यात सापडला म्हणून सांग. आणि प्रकरण मिटलं की आमच्या बंटीसाठी तिकडं काही काम बघ. पोरगा हुशार आहे.

तुझाच
ज्ञानेशमामा


नाशिकरोड,
४ मे २००८

माझ्या दीपाला आईचे आशीर्वाद.

तुझी ड्युटी सुरू झाली हे फोनवर कळलं, तेव्हा रडायला आलं म्हणून फोन अण्णांकडं दिला. आज निवांत लिहिते. अक्षर सांभाळून घे.

तू मामाचं पत्र अण्णांना पाठवलंस, ते मी चार वेळा वाचलं. तुझी पर्स उलटी केली, त्याबद्दल एक ओळ नाय. वर बंटीला नोकरी. मला लय किळस आली. अण्णा म्हणाले, तुझा भाऊ हाय, तू ठरव. मी पदर खोचला आणि ते पत्र घेऊन पोलीस स्टेशनला गेले. साहेबाला सांगितलं, हा माझा पाठचा भाऊ, हे त्याचं अक्षर. तक्रारीवर सही करताना हात अडला नाय.

त्याला बोलावल्यावर त्यानं सगळं लिहून दिलं. दुकानावर पोलीस गेले तर तसलेच अजून बरेच फोन निघाले. दुकानाला टाळं लागलं. तेच कागद अण्णांनी तुला कुरिअर केले होते.

परवा ज्ञानेश तांदळाचं पोतं घेऊन आला होता. म्हणाला, ताई, झालं गेलं विसर, बायकोच्या माहेरी तोंड दाखवायला जागा नाय राहिली. मी म्हटलं, पोरीच्या अंगाला परक्या मुलखात चोरीचा डाग लागला, तेव्हा तुला तोंड आठवलं नाय. पोतं मीच ओढत नेऊन परत रिक्षात टाकलं. पाणीसुद्धा विचारलं नाय.

भाऊ तुटला म्हणून शेजारणी हळहळतात. मला तसं काही वाटत नाय. तो गेला आणि मी दार लावून सगळं घर पुसून काढलं, मग पोटभर जेवले. दीड महिन्यानं.

आता मान वर करून कामाला जा. पत्र धाडत राहा.

तुझी आई,
शकुबाई