माग बंद होते ती दुपार

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि लेक तुला पहिलं पत्र लिहितेय ते लघवीबद्दल. असतीस तर पदर तोंडाला लावून म्हणाली असतीस, ‘दुसरा विषय मिळाला न्हाय व्हय गं?’ न्हाय मिळाला.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची. वडगावच्या आपल्या घरात पुढं दोन यंत्रमाग धडधडताहेत, मागं न्हाणीत सकाळपासून मी. पोट दगडासारखं, लघवी उतरत नाही. ‘नाटकं करू नको,’ तू म्हणालीस. मग नळ सोडलास. मग, वीज असताना कधी केलं नव्हतंस ते केलंस, दोन्ही माग थांबवलेस. ‘आवाजानं भ्याली असंल.’ गल्लीत शांतता पसरली तशी शेजारची काकू दारात हजर. ‘का वं आक्का, माग बंद?’ ‘कांड्या भरायच्यात,’ तू म्हणालीस. तुझ्या मागं टोपली सूत भरलेल्या कांड्यांनी गच्च. तिनं ती पाहिली, तिनं पाहिल्याचं तू पाहिलंस.

दवाखान्यात नळी घातली. डॉक्टर मला नाही, तुला म्हणाले, ‘मनात भीती आहे. लग्न करून टाका.’ माझी पाळी तीन-तीन महिने येत नव्हती, तुला ठाऊक होतं. पाहुणे बघायला येणार म्हटलं की माझ्या हनुवटीवरचे केस तूच मागाच्या दोऱ्यानं उपटायचीस. डॉक्टरांपुढं मात्र गिळलंस सगळं. लग्न झालं. आपल्याला औषध म्हणून आणलंय हे बिचाऱ्या नवऱ्याला कुणी सांगितलंच नाही. गुणही आला नाही. अडायचं तेव्हा अडायचंच, आणि मीही चार भिंतींआड निस्तरायला शिकले.

गेल्या महिन्यात तुझ्या नातीची लघवी तशीच अडली. इथली डॉक्टरीण म्हणाली, ‘अंडाशयात गाठी आहेत. काही तरुण मुलींत त्यांच्याबरोबर मूत्रमार्गाचा स्नायू सैल होत नाही. हार्मोनचा संबंध असावा. नाटक नव्हे हे.’ तुझा असा राग आला! तेवढ्यात तिनं विचारलं, ‘घरात आणखी कुणाला असा त्रास?’ पोरगी माझ्याकडं बघत होती.

‘न्हाय,’ मी म्हणाले.

हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणूनच तुला लिहिलं. वाचायला हवं तिनं. ती पलीकडं, न्हाणीघराचं दार लोटून, स्वतःची नळी स्वतः घालायला शिकतेय. कागद मी माझ्या उशीखाली सारते, आणि उठून मोठ्यानं चाललेला तेवढा टीव्ही बंद करते.