अध्याय लोड होऊन राहिला आहे

हुडकेश्वर, नागपूर
शुक्रवार

तीर्थस्वरूप भैय्याजी यांच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या बहिणीचा नमस्कार.

मौद्याच्या एसटीनं पाठवलेला चिन्नोर तांदूळ आणि लाखोरीची डाळ पावली. कंडक्टरला चाळीस, ऑटोला सत्तर दिले. (ऑटोवाला शंभर म्हणत होता. मी पोतं खाली ठेवून पायी निघाल्याचं सोंग केलं.) तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींना एरंडेल कोमट करून लावायला सांगा.

तुमची लेक नूपुर बरी आहे. पुण्याची कॉम्प्युटरची नोकरी गेल्यावर माझ्याकडे आली तेव्हा पोरगी भिंतीकडे पाहत बसायची. म्हणून मीच म्हटलं, आमच्या पोथीमंडळाचं काही करून दे. आम्ही एकवीस बायका दर गुरुवारी साखळी पारायण करतो. प्रत्येकीचा एक अध्याय, आपापल्या घरी. एकीचा झाला की ती पुढचीला फोन करते, "झाला वं माहा, तू बस." या फोनात पोथी कमी आणि सुनांचा विषय जास्त निघायचा, म्हणून कुणाचं वाचून झालं ते सर्वांना दिसेल अशी यादी हवी होती. एवढंच.

भैय्याजी, त्या यादीसाठी पोरीनं तीन आठवडे घेतले! चार माणसांच्या वरणाला लग्नघरचं मोठं गंज चुलीवर चढवलं. आधी लॉगिन, मग ओटीपी, मग पासवर्ड, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. मग नऊ चित्रांतून सिग्नल ओळखा. (चष्मा लावून पोथी वाचणाऱ्या बायका! अरुंधतीबाईंना तर वेबसाइटनं तीनदा 'तुम्ही माणूस नाही' असं कळवलं. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत.) आत दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रामचे शेकडो तुकडे जोडलेले, त्यातला एक कुणी परदेशात बदलला की आमची यादी इथं आजारी.

मी विचारलं, "काहून वं नूपुर, यादीच दाखवायची होती न?"

"आत्या, आजकाल असंच बनवतात. उद्या एक लाख बायका आल्या तर?"

आमच्या मंडळात एकवीस, त्यातल्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. लाख कुठून येतील?

आता काल गुरुवारची गोष्ट. अध्याय देवाला रुजू झाल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही, ही आमची जुनी रीत. आणि रुजू झालं हे सांगायचं काम बायकांनी आपल्याच मनानं वेबसाइटवर नावासमोर उमटणाऱ्या हिरव्या खुणेकडे दिलं. शोभाताईंचा अध्याय वाचून झाला, पण खूण येईना, नुसतं चाक फिरत होतं. त्यांनी पुन्हा वाचला. पुन्हा चाक. चौथ्यांदा वाचून मला फोन केला, "प्रेमिला, माह्या पायाले मुंग्या आल्या वं, कुकर शिट्ट्या मारून राहिला, उठू का नको?" त्यांच्या मालकांनी जन्मात पहिल्यांदा गॅस बंद केला, तोही सिलेंडरवरून.

नूपुर स्कूटी घेऊन धावली. शोभाताईंना हाताला धरून उठवलं आणि घरी येऊन रडली. म्हणाली, "आत्या, नुसती यादी केली असती तर मले काय येते हे कोणाले दिसलं असतं? बाबा म्हणाले असते, याच्यासाठी शिकवलं का?"

मी तिला पुढ्यात बसवलं. डोक्याला तेल लावून दिलं. मग तिनं सारं पुसलं आणि तासाभरात एक पान केलं. नावं, आणि नावासमोर टिचकी मारायला चौकोन. बोट उचलायच्या आत उघडतं. रात्री पोरगी दोन भाकरी जेवली.

तुमची
प्रेमिला

ता. क. आज सकाळी अरुंधतीबाई येऊन गेल्या. म्हणतात, नवं पान फार हलकं वाटते, पहिल्यात कसा कुलूपकिल्लीचा थाट होता! त्यांना पासवर्ड परत हवा आहे. तो त्यांना आता कुठं पाठ झाला होता.

ता. क. दुसरा. वहिनी बोलल्या की पुढच्या महिन्यात येऊन तुम्ही नूपुरला नेणार, खापरखेड्याचे पाहुणे तिला पाहायला येणार. भैय्याजी, ती आत्ताच कुठं भिंतीकडून तोंड फिरवून बसली आहे. दिवाळीपर्यंत राहू द्या, ती नोकरी शोधते आहे. फोनवर हे बोलता येत नाही, यादी तपासायला माझा फोन सारा दिवस तिच्याच हातात असतो. उलट टपाली कार्ड टाका. त्यावर 'राहू दे' एवढंच लिहा. कारणं, अटी काही जोडू नका.